छोट्या गाडीच्या गार्डकाकांस

नागपूर

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

आपण माझ्या डोक्यावरच्याच मजल्यावर राहता, सकाळी आपली आरामखुर्ची सरकली की मला खाली आवाज येतो, आणि तरीही हे पत्र मी असे चारचौघांत लिहीत आहे. कारण तोंडावर आभार मानू लागले की आपण “चहा घेतेस का” असे विचारून विषय मोडून टाकता, हा तीन वर्षांचा अनुभव आहे. पत्रात आपले नाव घालायचे नाही ही आपली अट मात्र पाळली आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला आपल्या गच्चीवर मसाला दूध उकळत होते आणि कुणीतरी टूम काढली की प्रत्येकाने आपली एक आवड, एक सवय आणि आयुष्यात करायची राहिलेली एक गोष्ट सांगावी. माझी पाळी आली तेव्हा मी वाचन, संगीत आणि प्रवास असे एका दमात सांगून टाकले, सवय म्हणून लवकर उठणे सांगितले (जे धादांत खोटे होते), आणि राहिलेल्या गोष्टीच्या जागी “अजून ठरवले नाही” म्हणून हसून खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात आपण मला थांबवून म्हणालात, “हे तर बायोडाट्यातलं झालं. तुले खरं काय आवडते, ते सांग न.”

काका, त्याआधी हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता असे नाही. तेविसाव्या वर्षी एका बघण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी विचारला होता आणि मी भाबडेपणाने सांगितले होते की मला रेल्वे आवडते. “म्हणजे फिरायला आवडते,” असे मुलाच्या आत्याने समजून घेतले, तर मी ते दुरुस्त करून म्हटले, “नाही, गाडी आवडते. इतवारीची छोटी गाडी.” नागपूरच्या इतवारी स्टेशनावरून सुटणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीचे नाव ऐकून बैठकीत जे हसू फुटले ते पोह्यांच्या बशा उचलेपर्यंत थांबले नाही. पुढच्या वेळी विणकाम सांगायचे, असे मला घरातूनच बजावण्यात आले, आणि मी पुढची दहा-बारा वर्षे जिथे तिथे विणकाम, वाचन, संगीत असे सांगत आले. त्यामुळे जिन्यात मी आपल्याला खरे उत्तर दिले ते धैर्याने नव्हे. दूध आणायला निघाले होते, हातात रिकामी पिशवी होती आणि खोटे सुचेपर्यंत खरे तोंडून निघून गेले. आपण हसला नाहीत. “कोणती छोटी? नागभीडची का छिंदवाड्याची?” एवढेच विचारलेत. ज्या प्रश्नासाठी मी हे पत्र लिहीत आहे तो हा दुसरा प्रश्न होय. आवड विचारणारे पुष्कळ भेटतात. ती कोणती, कुठून, केव्हापासून हे विचारणारा मला आपल्या रूपाने पहिल्यांदा भेटला.

माझी नागभीडची. आजोळ भिवापूरचे, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन इतवारीला येई आणि भांडेवाडी, कुही, उमरेड करत ती गाडी आम्हाला नेत असे. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर, हे मला आपण सांगितलेत. तेव्हा इतकेच कळे की मोठ्या स्टेशनावरच्या गाडीत चढायला बाबांनी उचलावे लागे आणि या गाडीत मी माझी चढत असे. उमरेडला आई पाण्याची बाटली भरायला उतरली की गाडी सुटेल या भीतीने मी भोकाड पसरत असे, आणि ब्रेकव्हॅनपाशी, म्हणजे गाडीच्या टोकाच्या गार्डच्या डब्यापाशी, हिरवे निशाण काखेत धरून उभा असलेला गार्ड तिच्याकडे पाहत शांतपणे थांबलेला दिसे. तो गार्ड आपणच होतात असे मला फार वाटत असे. आपण डायरी पाहून सांगितलेत की त्या वर्षांत आपली नेमणूक या मार्गावर नव्हतीच. थोडी हिरमुसले, पण खोटे गोड बोलला नाहीत याचेही आभार.

त्या प्रवासांतले माझ्याकडे उरलेले एकच तिकीट मी आपल्याला दाखवले होते: पुठ्ठ्याचे, अंगठ्याएवढ्या रुंदीचे, अर्धे तिकीट, कडेला तारखेचा दाबलेला ठसा, ज्यातला महिना वाचता येतो आणि वर्ष पुसले गेले आहे. आपण चष्मा वर सरकवून ते उजेडाकडे तिरपे धरलेत, ठशावरून नख फिरवलेत आणि म्हणालात की यंत्राची शाई संपली की बाबू लोक कोरडेच दाबत, म्हणून हा ठसा रंगाचा कमी आणि खोलगट जास्त आहे. पंचवीस वर्षे पाकिटात सांभाळलेल्या वस्तूविषयी मला काहीही माहीत नव्हते, हे मला त्या क्षणी कळले.

मग आपल्या डायऱ्या आल्या. अकरा डायऱ्या, कार्यालयात जमा करायच्या सरकारी नोंदींपासून वेगळ्या, स्वतःसाठी ठेवलेल्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. गाडी किती मिनिटे उशिरा धावली आणि का, एवढेच बहुतेक पानांवर आहे, पण ते “का” वाचत मी रात्री जागवल्या आहेत: रुळावर म्हैस, फाटकावर लग्नाची वरात, इंजिन बिघडले, पाऊस. एक डायरी वाचून परत केल्याशिवाय दुसरी मिळणार नाही, आणि परत करताना माझ्या वहीतले एक पान आपल्याला वाचून दाखवायचे, हा आपला नियम सुरुवातीला मला शाळकरी वाटला होता. आता वाटते की तो नियम नसता तर मी अकराही डायऱ्या एका आठवड्यात वाचून, हळहळून, पुन्हा विणकामाकडे वळले असते.

चौथ्या डायरीचा अपराध येथे जाहीरपणे कबूल करते. सकाळी पोह्यांच्या टपरीवर ती उघडून बसले आणि तर्रीचा लाल ओघळ थेट कुहीच्या पानावर गेला. दोन दिवस मी आपल्याला तोंड दाखवले नाही. शेवटी डायरी पुढे केली तेव्हा आपण खिशातली पेन्सिल काढून त्या डागाशेजारी तारीख घातलीत, “तर्री, विलंब दोन दिवस” असे लिहिलेत आणि पाचवी डायरी हातात दिलीत.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींवर का धडकत नाहीत, हे मी विचारले त्या संध्याकाळी आपण काकूंचे दोन स्टीलचे डबे आणि एक लिंबू घेऊन बसलात. दोन शेजारच्या स्टेशनांवर तारेने जोडलेली दोन यंत्रे असतात. पुढच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्याशिवाय या यंत्रातून गोळा सुटत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघू शकत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती असणे हीच त्याची पुढे जाण्याची परवानगी. लिंबू एका डब्यातून निघून माझ्या हातात आले, मी ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन दुसऱ्या डब्यात टाकले, आणि मगच आपण उलट दिशेची गाडी सोडलीत, ती म्हणजे काकू, कारण त्यांना स्वयंपाकघरात जायचे होते आणि बऱ्याच वेळापासून त्या लिंबाची वाट पाहत होत्या. हे यंत्र मी पुस्तकात वाचले असते तर पाच मिनिटांत विसरले असते.

पण आपले सर्वांत मोठे उपकार गोड नव्हते. 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, कामासाठी इतवारी–नागभीड छोटी गाडी बंद झाली, त्यावर मी पाच पाने लिहून आणली होती, आणि ती पाने माझ्या मते फार सुंदर होती. आपण ऐकून घेतलीत. मग विचारलेत की भिवापूरहून रात्री बाळंतीण नागपूरला न्यायची असेल तर या गाडीने नेशील का. मी गप्प बसले. आपण आयुष्याची उमेदीची वर्षे त्या गाडीच्या शेपटाला काढलीत आणि तरी रुंद रूळ तीस वर्षे आधीच यायला हवे होते असे आपले ठाम मत आहे, हे मला आजही थोडे खुपते. आपल्याशी मी अजून पूर्ण सहमत नाही. निदान एखादा तुकडा तरी चालता ठेवता आला असता असे मला वाटते, आणि मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात उभी असलेली स्वच्छ, रंगवलेली इंजिने पाहून माझे समाधान होत नाही. पण त्या पाच पानांतली साडेचार मी त्या रात्री फाडली. उरलेल्या अर्ध्या पानात उमरेडची पाण्याची बाटली होती.

त्यानंतर आपण मला माणसे दिलीत. वयाची सत्तरी ओलांडलेली असताना भर जानेवारीत सकाळच्या एसटीने आपण माझ्यासोबत उमरेडला आणि पुढे भिवापूरला आलात, रूळ राखणाऱ्या एका जुन्या गँगमनच्या ओट्यावर बसलात आणि “ही आपली पोरगी, हिला सगळं खरं सांग” अशी माझी ओळख करून दिलीत. बायोडाट्यातली कोणतीही ओळख मला इतकी उपयोगी पडलेली नाही. त्या गृहस्थांनी उन्हाळ्यात रूळ तापून वाकू नयेत म्हणून जोडांमध्ये किती फट ठेवत ते बोटाच्या पेराने दाखवले, आणि मिरचीच्या दिवसांत पोत्यांच्या ठसक्याने अख्खा डबा कसा शिंकत असे तेही सांगितले. निघताना आपण नेहमीप्रमाणे तिन्ही खिसे चाचपलेत: घड्याळ, शिट्टी, चष्मा. शिट्टी निवृत्तीनंतर कशाला, हे मी विचारले नाही.

आपली ही सवय मला लागली आहे, हे घरात सर्वांच्या लक्षात आले आहे. मी शिट्टी बाळगत नाही, पण रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची एक ओळ वेळेसह लिहिते, आणि उशीर झाला असेल तर कारणही. कार्यालयातल्या हिशेबांच्या नोंदी मी चौदा वर्षे करत आले. स्वतःच्या दिवसाची नोंद करायला मात्र आपल्या डायऱ्या वाचाव्या लागल्या.

यंदाच्या कोजागिरीला पुन्हा तीच टूम निघाली तेव्हा मी छोट्या गाडीविषयी बोलले आणि कुणीही हसले नाही. उलट तळमजल्यावरच्या वडशाच्या मावशी इतकी वर्षे गप्प होत्या त्या सुटल्या आणि आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत कशी चालतात, थंडीत घोंगडी पांघरून पोरे कशी पुढ्यात झोपतात, आणि खुद्द मावशींना लहानपणी रंगमंचावर उभे राहायचे कसे मनात होते, हे सांगत राहिल्या. दूध आटून खाली लागले. आपण कोपऱ्यात बसून त्यांना विचारलेत, “कोणतं काम करायचं होतं? नायिकेचं का खलनायिकेचं?” मावशी लाजून खलनायिकेचं म्हणाल्या.

राहिलेली गोष्ट या रकान्यात आता माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते आपल्याला ठाऊक असले तरी येथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. इतवारीपासून नागभीडपर्यंतच्या प्रत्येक थांब्याची, तिथे गाडीची वाट पाहिलेल्या, तिच्यावर पोट भरलेल्या आणि तिच्यामुळे शाळा गाठलेल्या माणसांच्या तोंडची हकिकत गोळा करून मला एक छोटे पुस्तक करायचे आहे. त्यात हळहळ कमी आणि मिनिटे जास्त असतील. रेल्वेने 2022 मध्ये गार्ड हे पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केले असले तरी पुस्तकात मी गार्डच लिहिणार आहे. आपल्याला ते नवे नाव बँकेतल्या साहेबासारखे वाटते, हे मला माहीत आहे.

सध्या लिखाण उमरेडला थांबले आहे. कुहीविषयी आपण सांगितलेले आणि तिथल्या चहावाल्या आजींनी सांगितलेले जुळत नाही. त्या म्हणतात सकाळची गाडी त्यांच्यासाठी मुद्दाम दोन मिनिटे थांबत असे, आणि आपल्या डायरीत त्या दोन मिनिटांपुढे “पाणी” लिहिले आहे. येत्या रविवारी सातवी डायरी परत घेऊन येते, तेव्हा याचा निकाल लावू. आठवी काढून ठेवावी. काकूंना सांगावे की लिंबू मी घेऊन येईन.

आपली नम्र,
दुसऱ्या मजल्यावरची