ढसाळ छापायचे तर अख्खे छापा

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकातलं एक पत्र वाचलं. ज्या साहित्यिकांनी आयुष्यात झेंडे बदलले, त्यांना अभ्यासक्रमातून रजा द्यावी, असं पत्रलेखकाचं म्हणणं. यादीत पहिलंच नाव कवी आणि दलित पँथरचे एक संस्थापक नामदेव ढसाळांचं. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. लिहिल्यावाचून राहवेना.

५ जानेवारी १९७४. दलित पँथर या दलित तरुणांच्या लढाऊ संघटनेची सभा, पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक आणि मग दगडफेक. पुढे कित्येक दिवस गच्च्यांवरून सोडावॉटरच्या बाटल्या यायच्या. दळण आणायला निघालं की आई धाकट्याच्या डोक्यावर पितळी परात धरायची. १० तारखेला परळला मोर्चावर वरून पाटा टाकला गेला, पँथरचे भागवत जाधव गेले. समोर कोण होतं, हे वरळीकराला सांगावं लागत नाही.

म्हणून पुढे ढसाळ शिवसेनेच्या 'सामना'त सदर लिहू लागले, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने घरातला त्यांचा कवितासंग्रह 'गोलपिठा' रद्दीत टाकला. मी तो गुपचूप काढून घेतला. भावाचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पण पत्रलेखकाचा हिशेब अर्धवट आहे. आणीबाणीत लेखिका दुर्गाबाई भागवत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना ठाम बोलल्या, पुढे तुरुंगात गेल्या. त्याच काळात ढसाळांनी इंदिरा गांधींचा गौरव करणारी 'प्रियदर्शिनी' लिहिली. खरं आहे, त्याला मुलामा नको. पण तेव्हा पँथरच्या पोरांवर खटल्यांची रीघ लागली होती आणि संघटना १९७४ मध्येच फुटली होती, हेही सांगा की.

नॉर्वेच्या क्नूट हाम्सूनने १९४३ मध्ये आपलं नोबेल पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला देऊन टाकलं, हिटलर मेल्यावर त्याचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. ढसाळांना त्या पंगतीला बसवणं पत्रलेखकालाही जड जाईल. तरी हाम्सूनच्या कादंबऱ्या वाचल्या जातातच, आणि पदकाची गोष्टही कुणी दडवत नाही.

आमच्याकडे भक्त १९७२ वर गाडी थांबवतात: पँथर, 'गोलपिठा', तेंडुलकरांची प्रस्तावना, बास. विरोधक आणीबाणीपासून पुढचंच बोलतात. कविता उघडायला दोघांनाही सवड नाही. परवा आमच्या इमारतीतल्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, "बाई, ढसाळ नक्की कुणाचे हो?" म्हटलं, काही वाचलंयस का? नाही. कामाठीपुऱ्याच्या आसपास वाढलेल्या, टॅक्सी चालवणाऱ्या माणसाने तेविशीत हे लिहिलंय, एवढंच सांगून पुस्तक तिच्या हातात दिलं. दोन दिवसांनी आली ती कवितेतल्या शिव्यांबद्दल विचारायला. मग कुंटणखान्यांबद्दल. मग हे सगळं आपल्या मुंबईत कुठे आहे, म्हणून. पक्षाचं नाव तिने काढलंच नाही. (तिच्या आईने मात्र माझ्याशी बोलणं टाकलंय.)

तेव्हा एक विनंती. १५ जानेवारीला ढसाळांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपण मजकूर छापालच. त्यात पँथरच्या जोडीला आणीबाणी येऊ द्या, १९९९ ची पद्मश्री येऊ द्या आणि 'सामना'तलं सदरही. शिवाय 'गोलपिठा'तली एक कविता पूर्ण छापा. चौकटीतल्या चार ओळी नकोत.

— एक निवृत्त शिक्षिका, वरळी, मुंबई