लोकपालाच्या पाटीवर एक ओळ वाढवा

प्रति,
मा. संस्कृतीमंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

स.न.वि.वि.

साताऱ्याहून आलेल्या आईला परवा ब्रिटिश म्युझियम दाखवलं. तेहतीस नंबरच्या दालनात चीन आणि भारत एकाच छपराखाली आहेत. भारत तिने भराभर उरकला. थांबली ती चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातल्या मातीच्या पुतळ्यांपाशी. लिऊ तिंगशुन नावाचा एक सेनापती इ.स. 728 मध्ये वारला, त्याच्या कबरीतले म्हणून हे बाराएक पुतळे ओळखले जातात. उंट, घोडे, मोतद्दार, अधिकारी, राखणदार, सगळे जोडीजोडीने. मोठे तर मीटरभर उंच. अंगावर हिरवी, तपकिरी, पिवळट झिलई ओघळलेली, पण माणसांच्या चेहऱ्यांना झिलई नाही. चेहरे भाजल्यानंतर रंगवायचे, आणि तो रंग टिकत नाही. "कपडे नवे, तोंडं जुनी," आई म्हणाली.

राखणदारांची जोडी लोकपालांची, म्हणजे दिशांच्या रक्षकांची आहे. कल्पना बौद्ध धर्माबरोबर आमच्याकडून तिकडे गेलेली. (याच शब्दापायी आमच्याकडे रामलीला मैदानावर उपोषण झालं होतं, पण तो लोकपाल निराळा.) या लोकपालाला काम एकच होतं, कबरीत कुणाला शिरू द्यायचं नाही. तो आज लंडनमध्ये उभा आहे, म्हणजे ते काम त्याला जमलं नाही. का जमलं नाही, एवढंच मला त्याच्या पाटीवर ठळक वाचायचंय.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये लुओयांगकडे रेल्वेमार्ग खणताना जुन्या कबरी उघड्या पडल्या. आतल्या रंगीत मातीकामाला बाजारात गिऱ्हाईक मिळालं, आणि मग कबरी मुद्दाम फोडल्या जाऊ लागल्या. हे पुतळे जॉर्ज यूमॉर्फोपोलोस या लंडनच्या संग्राहकाकडून आले. 1930च्या दशकात त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मिळून एक लाख पौंडांना घेतला. पैसे मोजून घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. पण उंट कबरीच्या दाराशी होता की आत, त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, त्याच्या शेजारी काय होतं, हे खणणाऱ्याने लिहून ठेवलं नाही. पुतळे नक्की त्याच सेनापतीचे, याला उत्खननाचा पुरावा नाही.

नोंद ठेवली की काय हाती लागतं, ते चीनमधल्याच आनयांगला दिसलं. 1976 मध्ये तिथे फू हाओ या राणीची न लुटलेली कबर शास्त्रशुद्ध खणली गेली. चारशेहून अधिक ब्राँझच्या वस्तू, सातशेहून अधिक जेडच्या, आणि शंभराहून अधिक ब्राँझवर तिचं नाव कोरलेलं. भविष्य पाहायच्या हाडांवरच्या लेखांत ही बाई सैन्य घेऊन लढाईला जाताना भेटते. लेख आणि कबर जुळली, म्हणून आज तिचं चरित्र सांगता येतं. लिऊच्या उंटाबद्दल असं काही कधीच सांगता येणार नाही.

2024 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या उसनवारीवर. आई रांगेत उभी राहून पाहून आली. ती महाराजांनी वापरलेलीच, असा पुरावा आपल्याकडे नाही, असं व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बाकीच्यांनीही इतकंच सरळ बोलावं.

1963चा ब्रिटिश म्युझियमचा कायदा बदलून वस्तू परत द्या, हे या पत्रात मागत नाही. (मागायला हवं. ते पुढच्या पत्रात.) पाट्या तुम्ही लिहीत नाही, विश्वस्तांची माणसं लिहितात, हेही ठाऊक आहे. पण अनुदान तुमच्या खात्यातून जातं. त्यात एक अट घाला: कबरीतून निघालेल्या प्रत्येक वस्तूच्या पाटीवर पहिल्या ओळीत, राजवंशाच्याही आधी, ती कुणी खणली, कधी खणली आणि नोंद ठेवली का, ते लिहायचं. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं, त्याच मोठ्या अक्षरात.

निघताना आईने विचारलं, "या उंटाला बाहेर कुणी काढलं गं?"

"कुणालाच ठाऊक नाही," मी म्हटलं.

"मग तसं लिहा की."

आपली,
लंडनमधली एक मराठी करदाती