प्रीलोड आवळून स्प्रिंग कडक होत नाही हो!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत मोटरसायकलचे मागचे शॉकअप बदलण्यावर लेख आला होता, फोटो भारीच होते, पण त्यात "प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते" असं जे छापलंय ना ते चूक आहे, आणि असल्याच समजुतीपायी मी एकदा चांगलाच फसलोय म्हणून लिहायला बसलो.

प्रीलोड म्हणजे काय, तर शॉकअपवरची रिंग फिरवली की स्प्रिंग आधीपासून थोडी दाबलेली राहते, बास. साध्या सरळ स्प्रिंगला १ मिमी दबायला २ किलो लागत असतील तर पूर्ण आवळल्यावर पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला २ किलोच लागणार. फरक पडतो तो गाडी मागून किती उंच राहते यात.

माझं वजन ६० किलो, डबल सीट क्वचितच. मी डब्यावाले (बाजूला गॅसचा छोटा डबा असलेले) गॅस शॉकअप घेतले, दिसायला एकदम झकास. वजन किती ते विकणाऱ्याने विचारलं नाही, मला पण सांगायचं सुचलं नाही. बसवले आणि गाडी प्रत्येक खड्ड्यावर टणाटण उडायला लागली, प्रीलोड पार सैल केला तरी तेच. शेवटी टेप काढली. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखाली केलेल्या खुणेपर्यंत माप घेतलं, मग गाडीवर बसून परत घेतलं (माप दुसऱ्याला वाचायला लावा, स्वतः वाकलात की बोंबललं). फरक आला १४ मिमी. चाकाचा ट्रॅव्हल (म्हणजे चाक एकूण किती वर-खाली होतं ते) १०० मिमी असेल तर साधारण २५ ते ३३ मिमी बसायला पाहिजे! म्हणजे स्प्रिंग कुणातरी धिप्पाड माणसासाठीची होती. शॉकअप तेच ठेवले, नुसत्या स्प्रिंगा मऊ घातल्या आणि गाडी माणसात आली.

उलटं पण होतं. रिंग आवळून आवळून तुमच्या वजनाचं माप बरोबर आणलं, पण गाडी रिकामी उभी असताना मागून जराही बसत नाही, तर समजायचं स्प्रिंग मऊ पडतेय.

आता त्या डब्याचं. आतल्या नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, त्यामुळे तासन्‌तास खराब रस्त्यावर गाडी हाणली तरी डॅम्पिंग (म्हणजे स्प्रिंगचं उसळणं आवरणं) टिकतं, पण रोज दोन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत वर येताना त्याला आवरणारं डॅम्पिंग, ॲडजस्ट होतं का ते बघा. सीट जोरात दाबून सोडली की मागची बाजू एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डुगडुगली तर रिबाउंड कमी आहे, आणि फारच रेंगाळत वर आली तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप खालीच बसत जातो.

लांबी तर लेखात कुठेच नाही. मूळच्यापेक्षा लांब शॉकअप घातला की मागची बाजू उचलली जाते, हँडल चटपटीत होतं, पण साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि चेनचा ढिलेपणा परत बघावा लागतो. बुशचं (शॉकअपच्या टोकाला बोल्ट जातो त्या नळीचं) आतलं माप आणि डबा सायलेन्सरला घासतो का, हे पण आधीच बघून घ्या. आणि हो, टायरची हवा आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश तपासल्याशिवाय शॉकअपला शिव्या देऊ नका.

पुढच्या वेळी एक चकचकीत फोटो कमी करा आणि त्या जागी टेप लावून माप कसं घ्यायचं ते दाखवा. फोटोसाठी गाडी मी देतो, टेप पण माझीच.

आपला,
एक जुना वाचक