मधुमेहींच्या व्यायामाला मोबाइलची जोड हवी, पण खान्देशच्या दिनक्रमाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहाचे निदान झाले की चिठ्ठीवर गोळीचे नाव, मात्रा, जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे सारे लिहून मिळते. व्यायामाबाबत मात्र ‘रोज फिरत जा’ एवढेच तोंडी सांगितले जाते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची शिफारस केली आहे. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालल्यानेही वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. व्यायामाची ही मात्रा पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे साधन, म्हणजे मोबाइल, आज घरोघरी आहे. ते इथल्या माणसांच्या दिनक्रमाला धरून वापरले जावे, एवढाच माझा आग्रह आहे.

पावले मोजणारी पुष्कळ ॲप दिवसाला १०,००० पावलांचे उद्दिष्ट पुढे ठेवतात. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाला. वैद्यकशास्त्राने घालून दिलेला तो दंडक नव्हे. गुडघे धरलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला तो पहिल्याच आठवड्यात नाउमेद करतो. आज दोन हजार पावले होत असतील, तर पुढील आठवड्यात अडीच हजार, हे त्याच्यासाठी योग्य उद्दिष्ट आहे. शिवाय मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी चारला ‘उठा, चाला’ अशी सूचना वाजणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात इथे चालण्याची वेळ सूर्य उगवण्याआधीची किंवा रात्रीच्या जेवणानंतरची.

बायकांचा प्रश्न याहून वेगळा आहे. माझ्या आईचा मोबाइल दिवसभर देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असतो. ती पहाटेपासून पाणी भरणे, झाडलोट, गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालणे यांत सारखी वावरत असते, आणि रात्री पडद्यावर जेमतेम शे-दोनशे पावले दिसतात. कपाशी वेचणाऱ्या बाया तर फोन बांधावरच्या पिशवीत ठेवूनच कामाला लागतात. त्यांना आकड्यांपेक्षा ओळखीच्या आवाजातला निरोप अधिक उपयोगी पडेल. ‘जेवन व्हयनं का? मंग आते आंगनमा दहा मिन्टं फिरा,’ असे गावच्या आशाताईने (आशा स्वयंसेविकेने) इथल्या अहिराणी बोलीत पाठवले, तर ते ऐकले जाईल, अशी माझी खात्री आहे.

अशा निरोपांत सावधगिरीही सांगितली पाहिजे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातील साखर चालताना ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, म्हणजे धोक्याच्या पातळीला, जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, तर तिथेच थांबून साखर खाल्ली पाहिजे, आणि त्यासाठी ती जवळ असली पाहिजे. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये, कारण झालेली जखम त्यांना कळतच नाही.

सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांत (प्राथमिक आरोग्यसेवेच्या केंद्रांत) तीस वर्षांवरील नागरिकांची मधुमेह तपासणी होतेच. त्यात आढळलेल्या रुग्णांना जळगाव, धुळे व नंदुरबारच्या आरोग्य विभागांनी संमती घेऊन असे ध्वनिसंदेश पाठवावेत, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी फोन करून ‘चालणे होते का, अडचण काय येते’ एवढे विचारावे. त्या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळालाच पाहिजे. नोंदींची कामे आधीच त्यांच्या अंगावर कमी नाहीत.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)