भैरव जिवंत झाला

प्रिय मन्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, मी उलट केला नाही. चुकलंच. आईचा गुडघा बरा, माझं पित्त आहे तसंच. लिहायला बसलोय ते भैरवसाठी, आपल्या हॉस्टेलच्या खेळातल्या माझ्या पात्रासाठी.

परवा भाच्याने मोबाइलवर एआयला डन्जन मास्टर केलं, म्हणजे तू व्हायचास तसा गोष्ट सांगत खेळ चालवणारा. मी हौसेने भैरवला उतरवलं. तीच कुऱ्हाड, तीच लंगडी चाल. तिसऱ्याच खोलीत ड्रॅगनने त्याला जाळलं. मी टाइप केलं, 'नाही, तो वाचला.' आणि तो वाचला! जरासुद्धा हुज्जत नाही. मी फोन उपडा ठेवला.

हॉस्टेलची गच्ची आठव. लाइट गेलेले, शऱ्याच्या हातात टॉर्च, आणि माझा वीस बाजूंचा फासा घरंगळत कठड्याशी थांबला. वर १. दीड वर्ष जपलेला भैरव खलास. फासा विटेला टेकलाय, पुन्हा टाकू दे, म्हणून मी भांड भांड भांडलो. 'पडला तो पडला,' तू म्हणालास. तीन आठवडे अबोला, आणि तेवढे दिवस माझ्या वाटची मिसळ शऱ्याने चापली. आजही सांगतो, फासा तिरकाच होता!

पण खेळ तिथेच होता रे. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसनचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हा कागद, पेन्सिल, फासे आणि समोर बसलेला माणूस, एवढंच लागायचं. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आणि बार्टलने मड हा संगणकावरचा खेळ केला. नुसती अक्षरं, तरी एका जगात अनेक माणसं. १९९८ च्या बाल्डर्स गेट या संगणकावरच्या खेळाने फासे पडद्याआड नेले, तेव्हा 'आवाज कुठाय फाशाचा?' म्हणून तू नाक मुरडलंस. पण तिथेही मेलेल्याला उठवायला देवळात मोहरा मोजाव्या लागायच्या, नाहीतर मागच्या सेव्हवर जाऊन सगळं पुन्हा लढायचं. संगणक तुझ्याहून कडक होता. हा नवा मात्र माझं मन राखतो. भाच्याला त्यात काहीच खटकलं नाही, याचीच मला काळजी लागलीय.

रविवारी आमच्या रात्री नऊला, तुमच्या टोरांटोच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर खेळ घेशील? फासा मी कॅमेऱ्यापुढे ताटात टाकीन, सपाट ताटात. भाचा पहिल्यांदाच बसेल. त्याला अजिबात सूट देऊ नकोस.

नवी नोकरी लागली का? रेवाला आशीर्वाद.

तुझा,
पक्या