जिन्याचं कुलूप काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या शहर बससेवेत १९८३ पासून २०१६ पर्यंत कंडक्टर होतो. बरीचशी नोकरी कात्रज-शिवाजीनगर मार्गावर झाली. ड्यूटीत बूड टेकायचं ते शेवटच्या थांब्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्यापुरतं. बाकी सगळा वेळ गुडघे दांड्याला टेकवून तोल सांभाळायचा, पंच वाजवत या दारापासून त्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. स्वारगेटला गर्दी चढली की अंग तिरकं केल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. रात्री पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. ड्रायव्हरला निदान सीट तरी आहे, असं तेव्हा फार वाटायचं.

माझ्याबरोबर अकरा वर्षं ड्यूटी केलेले ड्रायव्हर, त्यांना मी मामा म्हणायचो, वयाच्या ४९ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने गेल्या वर्षी एक अभ्यास समजावून सांगितला, त्या रात्री मला झोप लागली नाही.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना केली होती. १९५३ साली ती ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एकाच गाडीवरची माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर रोज पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील, अशी शंका येणारच; म्हणून मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या विजारींची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच मोठ्या मापाच्या होत्या. तरीही बारीक कंडक्टर बारीक ड्रायव्हरपेक्षा आणि जाड कंडक्टर जाड ड्रायव्हरपेक्षा सुरक्षितच निघाला. म्हणजे ज्या उभं राहण्याला मी तेहेतीस वर्षं कंटाळलो, तेच मला जपत होतं.

निवृत्तीनंतर ते सुटलं. कसब्यातली दुसऱ्या मजल्यावरची खोली सोडून आम्ही वारज्याला मुलाकडे सातव्या मजल्यावर आलो. तिथे लिफ्ट आहे. सकाळी अर्धा तास फिरायला जायचो, त्यामुळे आपण व्यायाम करतो अशी माझी खात्री होती. त्यानंतर मात्र पेपर, टीव्ही, मोबाइल, दुपारची झोप, पुन्हा टीव्ही. दोन वर्षांत संध्याकाळी पायांवर सूज दिसू लागली, मोज्याची इलॅस्टिक रुतून वळ उठायचा. तपासणीत मधुमेह निघाला. ‘अहो, मी तर बारीक आहे,’ असं मी डॉक्टरांना म्हणालो.

त्यावर त्यांनी आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा दाखला दिला. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या माणसाच्या बारीकपणावर विसंबता येत नाही, हे मला त्या दोन आकड्यांनी पटलं.

बसल्याने नेमकं काय होतं, तेही विचारून घेतलं. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्या करतात. त्या हलल्याच नाहीत तर ते खालीच साचतं. स्नायू काम करतो तेव्हा इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. तो निजून राहिला की साखर रक्तातच फिरते. आणि सकाळच्या अर्ध्या तासाने दिवसभराचं बसणं फिटत नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१६ साली असं दिसलं, की रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्याला त्याचा धोका भरून काढायला रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याइतके श्रम लागतात. माझा मुलगा हिंजवडीला नऊ तास खुर्चीत असतो आणि जाता-येता दोन तास गाडीत. त्याने हा तास कुठून आणायचा? उत्तर मला माझ्या नोकरीतच दिसतं. हालचाल कामाच्या ओघातच व्हायला हवी, वेगळा वेळ काढून ती पुरी होत नाही.

म्हणून मी जिना चढायचं ठरवलं. तर तळमजल्यावर जिन्याच्या दाराला कुलूप. आत चौथ्या मजल्यापर्यंत दिवे गेलेले, वळणावर मोडक्या सायकली, रंगाचे डबे, कुणाचं तरी कपाट. कुलूप चोरांच्या भीतीने लावलं होतं म्हणे. दोन महिने मी कमिटीच्या मागे लागलो. कुलूप निघालं, सामान हललं, दिवे लागले, कठडा पक्का झाला.

सातव्या मजल्यापर्यंत १२६ पायऱ्या भरतात, पर्वतीच्या १०३ पेक्षा जास्त. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर दम लागला, उरलेलं अंतर लिफ्टने गेलो. आता डॉक्टरांना विचारून दिवसातून दोनदा पूर्ण चढतो. टीव्हीसमोर असलो तर अर्ध्या तासाने उठतो, जेवणानंतर पॅसेजमध्ये पंधरा मिनिटं फिरतो. पायांची सूज गेली आहे, साखर औषधासह आटोक्यात आहे.

चौदा वर्षांच्या नातवाला मध्यंतरी पर्वतीवर नेलं होतं. अर्ध्यात तो कुशीत हात दाबून पायरीवर बसला. त्याच्या बाजूने एक आजी डोक्याला पदर घेऊन, न थांबता वर गेल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती. त्याला पार्किंगपासून दारापर्यंत लिफ्टने आणि शाळेच्या फाटकापर्यंत गाडीने आम्हीच पोचवलं.

शेजारच्या दोन सोसायट्यांत जिन्याला अजून कुलूप आहे. मी दोन्ही सेक्रेटरींना भेटलो. एकांनी पुढच्या सभेत विषय घेतो म्हटलं आहे, दुसऱ्यांकडे रविवारी पुन्हा जाणार आहे. आपल्या वाचकांनी आज घरी जाताना आपापल्या बिल्डिंगचा जिना उघडा आहे का, त्यात दिवा लागतो का, एवढं बघावं.

– एक निवृत्त कंडक्टर, वारजे, पुणे