ते वाक्य सीझरचे नव्हे

रविवार पुरवणीतील संरक्षणखर्चावरच्या लेखात ‘शांतता हवी तर युद्धाची तयारी ठेवा’ हे वाक्य ज्युलियस सीझरच्या तोंडी घातले आहे. त्याचा उगम व्हेजिशियस या उत्तरकालीन रोमन लेखकाच्या लष्करविषयक ग्रंथात, तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत आहे. सीझर त्याच्या चारशेहून अधिक वर्षे आधीचा. शिवाय आज रूढ असलेले लॅटिन रूप तिथेही शब्दशः सापडत नाही.

नावापेक्षा अर्थाची गफलत मोठी. व्हेजिशियसच्या लेखी तयारी म्हणजे आधी कवायत. नवशिक्याच्या हाती दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि डहाळ्यांची विणलेली ढाल, समोर जमिनीवर सहा फूट उंच रोवलेला खांब. उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैल, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर चाल (रोमनांचा उन्हाळी तास आपल्या तासापेक्षा मोठा, हेही खरे). एवढे करूनही समोरासमोरच्या लढाईत शौर्यापेक्षा दैवाचेच जास्त चालते, त्यापेक्षा शत्रूला उपासमारीने किंवा अचानक छाप्याने नमवावे, असे तोच बजावतो. लेखात हा भाग आलेलाच नाही.

– एक वाचक, सातारा